६७ गुण भरले म्हणजे कॅनडा नव्हे! पीआरचा हिशेब सही करण्याआधी घरीच मांडा

तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोर पूर्वी एमपीएससीच्या क्लासच्या पाट्या असायच्या. आता त्यांच्या शेजारी मेपलचं लाल पान दिसतं. ‘कॅनडा पीआर, ६७ गुण असतील तर काम पक्कं.’ आत गेलं की एक कागद पुढे येतो. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी. पाच मिनिटांत बेरीज होते, आकडा ६७ च्या पुढे जातो आणि समोरचा माणूस ॲडव्हान्सची रक्कम सांगतो. घरी येऊन पोरगं आईबापाला सांगतं, ‘मी पात्र आहे.’

पोरगं खोटं बोलत नसतं. त्याला अर्धंच सांगितलेलं असतं.

परगावी जाणं आपल्या भागाला नवं नाही. खानापूर, आटपाडी तालुक्यातले गलाई व्यावसायिक कित्येक पिढ्या देशभर पसरलेत. पण ते गेले ते नात्यातल्या, गावातल्या माणसाच्या भरवशावर. कॅनडाला जाताना असा भरवसा नसतो, तिथं आकडा बोलतो. म्हणून तो आकडा नीट समजून घेऊ.

दोन वेगळे हिशेब, एकाच नावाखाली

कॅनडाची ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ ही पद्धत जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. परदेशातल्या कुशल कामगारासाठी तिच्यात दोन वेगवेगळ्या गुणपद्धती आहेत आणि सगळा घोळ तिथंच होतो. पहिली १०० गुणांची. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, नोकरीच्या ऑफरला १० आणि जुळवून घेण्याच्या क्षमतेला १०. यात ६७ मिळाले की तुम्ही रांगेत उभं राहायला पात्र. बस्स, एवढंच.

दुसरी १२०० गुणांची, तिला सीआरएस म्हणतात. रांगेतल्या सगळ्यांना या गुणांनी क्रम लावला जातो. सरकार अधूनमधून फेरी काढतं, त्या दिवशी एक कट-ऑफ लागते आणि तिच्यावरच्यांना अर्जाचं आमंत्रण येतं. सोप्या भाषेत सांगायचं तर ६७ म्हणजे सीईटीला बसायची पात्रता आणि सीआरएस म्हणजे मेरिट लिस्ट. सीईटीला बसायला मिळालं म्हणून कुणी पेढे वाटत नाही.

आणि ते ६७ सुद्धा पाटीवर दिसतात तेवढे सोपे नाहीत. समजा, मुलगा २९ वर्षांचा आहे, मेकॅनिकलचा बीई, एमआयडीसीत चार वर्षं नोकरी, लग्न झालेलं नाही. पदवीचे २१, वयाचे १२, अनुभवाचे १३. इंग्रजीत त्याला आयईएलटीएसच्या चारही भागांत ६ बँड मिळाले, म्हणजे कॅनडाच्या भाषेत सीएलबी ७. त्याचे प्रत्येकी ४ प्रमाणे १६. बेरीज ६२. नापास! चारही भागांत सीएलबी ८ आणलं तरी ६६, एका गुणाने हुकला. सीएलबी ९ आणलं तर ७० होतात. कॅनडात सख्खं भावंड किंवा जवळचा ठरावीक नातेवाईक असेल, किंवा बायकोने जुजबी इंग्रजीची परीक्षा दिली असेल तर ५ गुण जास्तीचे मिळतात. नाहीतर खरी परीक्षा इंग्रजीचीच आहे.

इंग्रजीचा एक बँड ९३ गुणांचा

हाच मुलगा १२०० च्या हिशेबात घेऊ. वयाचे ११०, पदवीचे १२०, हे ठरलेले. सीएलबी ७ ला भाषेचे ६८ मिळतात. शिवाय शिक्षण आणि भाषा यांच्या जोडीचे १३, अनुभव आणि भाषा यांच्या जोडीचे २५. बेरीज ३३६. (६२ गुणांवर तो रांगेत येतच नाही, ही वेगळी गोष्ट.) आता त्याने सीएलबी ९ आणलं असं धरा. भाषेचे १२४ झाले, जोडीचे २५ आणि ५० झाले. एकूण ४२९. माणूस तोच, डिग्री तीच, नोकरी तीच, ९३ गुणांचा फरक.

सीएलबी ९ म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये लिसनिंगला ८ आणि रीडिंग, रायटिंग, स्पीकिंगला प्रत्येकी ७. यातली मेख अशी की चारही भागांत हवं. तीन भागांत ८ आणून रायटिंगला साडेसहा आले तर जोडीचे वाढीव गुण जातात. आपल्याकडची पोरं नेमकी रायटिंगला अडकतात, कारण दहावीपासून निबंध पाठ करून लिहायची सवय. एजंटच्या फीपेक्षा तो पैसा दोन महिने चांगल्या शिकवणीला घातलेला बरा, असं माझं स्पष्ट मत आहे.

वयाचा हिशेब निर्दय आहे. २० ते २९ पर्यंत पूर्ण ११०. तिसाव्या वाढदिवसाला १०५, एकतिसाव्याला ९९, पस्तिसाव्याला ७७, चाळिसाव्याला ५०, आणि पंचेचाळीसला शून्य. वय पासपोर्टवरच्या तारखेनेच धरतात. गुरुजींनी शाळेत नाव घालताना ज्यांची जन्मतारीख सरसकट १ जून टाकली, त्यांचं खरं वय काहीही असो, दरवर्षी १ जूनला त्यांचे गुण कमी होणार.

मग ४२९ वर आमंत्रण येतं का?

इथं बातमीचा भाग येतो. पूर्वी सर्वसाधारण फेऱ्या निघायच्या, कुठलाही पेशा असो, गुण असले की आमंत्रण. एप्रिल २०२४ मध्ये अशा फेरीची कट-ऑफ ५२९ होती. त्यानंतर २०२५ च्या अख्ख्या वर्षात अशी एकही फेरी निघाली नाही. निघाल्या त्या तीन प्रकारच्या. कॅनडातच काम केलेल्यांसाठी, प्रांतांनी निवडलेल्यांसाठी आणि ठरावीक पेशांसाठी किंवा फ्रेंच येणाऱ्यांसाठी. म्हणजे एमआयडीसीतून थेट अर्ज करणारा, पेशा यादीत नसलेला माणूस ४२९ घेऊन रांगेत उभा राहील, आणि त्याच्यासाठी खिडकीच उघडणार नाही. प्रोफाइलची मुदत १२ महिने. ती संपली की पुन्हा नव्याने भरायची, आणि एव्हाना वय एकाने वाढलेलं.

कॅनडाचं धोरणही आवळलं गेलंय. २०२४ साठी ४ लाख ८५ हजार कायम रहिवासी घ्यायचं उद्दिष्ट होतं. २०२५ साठी ते ३ लाख ९५ हजारांवर आणलं. २०२६ पासूनच्या तीन वर्षांसाठी दरसाल ३ लाख ८० हजार ठरलंय. घरांची टंचाई, वाढलेली भाडी, दवाखान्यांवरचा ताण, ही तिथल्या राजकारणातली कारणं. पाटीवरचं लाल पान मात्र २०२२ सालचंच आहे.

‘मग शिकायला जातो, तिथं नोकरी करतो, मग पीआर,’ असं बरीच पोरं म्हणतात. तोही हिशेब मांडू. आपलाच ४२९ वाला मुलगा दोन वर्षांचा डिप्लोमा करतो, एक वर्ष तिथं काम करतो. तोवर तो ३२ चा होतो. वयाचे ९४, दोन शैक्षणिक पात्रतांचे १२८, भाषेचे १२४, तिथल्या अनुभवाचे ४०, जोडीचे कमाल १०० आणि तिथल्या शिक्षणाचे १५. बेरीज ५०१. २०२५ मध्ये कॅनडातल्या अनुभवाच्या फेऱ्यांची कट-ऑफ ५१५ ते ५४७ च्या दरम्यान फिरली. इतकं कर्ज काढून, तीन वर्षं बर्फात घालवूनही तो रेषेच्या बाहेरच. शैक्षणिक कर्जाला बापाची बाग तारण देण्याआधी ही एक बेरीज घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावी.

कुणाला खरोखर संधी आहे

निराश करायला हा लेख लिहिलेला नाही. काही पेशांना दार उघडं आहे आणि त्यातले दोन आपल्या तालुक्यांत घरोघरी सापडतात, नर्स आणि शिक्षक.

नर्सचं उदाहरण. नवरा ३४ चा, एमकॉम, साखर कारखान्यात अकाउंटंट, इंग्रजी सीएलबी ७. बायको २९ ची, बीएस्सी नर्सिंग, चार वर्षं खाजगी हॉस्पिटलमध्ये, इंग्रजी सीएलबी ९. आपल्याकडे फॉर्म कुणाच्या नावाने भरतात हे सांगायला नको. नवरा मुख्य अर्जदार धरला तर बेरीज ३४३ च्या आसपास येते, तीही एमकॉम तिकडे पदव्युत्तर म्हणून धरली गेली तर. हेच दोघं, हेच कागद, फक्त बायकोला मुख्य अर्जदार केलं तर ४२५. ८२ गुणांचा फरक, आणि वर ती आरोग्याच्या यादीत बसते, तो बसत नाही. कर्ता पुरुष कोण हा प्रश्न कॅनडाच्या खात्याला पडत नाही, त्यांना गुण जास्त कुणाचे एवढंच दिसतं.

आरोग्य क्षेत्राच्या फेऱ्या २०२५ मध्ये मे-जूनला ५०० च्या वर होत्या. जुलैत ४७५, ऑगस्टमध्ये ४७० वर आल्या. म्हणजे या बाईंना अजून ४५ गुण हवेत. एमएस्सी नर्सिंग करावं का? शिक्षणाचे १४ आणि जोडीचे २५ वाढतात, पण दोन वर्षांत वय ३१ होतं आणि १० गुण जातात. हाती ४५४. इंग्रजी सीएलबी १० पर्यंत नेलं तर ४६६. ऑगस्टच्या रेषेला चार गुण कमी. ज्यांची एमएस्सी आधीच झालीय आणि वय तिशीच्या आत आहे, त्यांचं मात्र सीएलबी १० ला ४७६ होतं, त्यांनी आजच हालचाल करावी. आणि पीआर मिळालं म्हणजे नर्सची नोकरी मिळाली असं नाही. तिथल्या प्रांताचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, तो खर्च आणि वेळ वेगळा धरा.

शिक्षकांचा पेशा २०२५ मध्ये यादीत आला. बीएस्सी बीएड, वय २९, तीन वर्षं शिकवण्याचा अनुभव, अविवाहित, सीएलबी ९. दोन पदव्या वेगवेगळ्या धरल्या गेल्या तर ११० अधिक १२८ अधिक १२४ अधिक १००, म्हणजे ४६२. मे २०२५ मध्ये शिक्षण क्षेत्राची कट-ऑफ ४७९ होती, सप्टेंबरमध्ये बरोबर ४६२. गुण सारखे असले की ज्याने प्रोफाइल आधी भरलं त्याचा नंबर आधी.

पण इथं आपल्या मातीतली एक अडचण आहे. अनुभव पगारी हवा. आठवड्याला ३० तास धरून सलग किमान एक वर्ष, आणि त्याचा कागद हवा. विनाअनुदानित शाळेत ‘पुढे अनुदान येईल’ या आशेवर पाच-सहा वर्षं फुकट राबलेल्या शिक्षकांचा तो काळ कॅनडाच्या हिशेबात शून्य धरला जातो. ज्यांना रोखीत काही मानधन मिळालं, त्यांच्याकडे ना पगारपत्रक ना बँकेतली नोंद. वर्गात खडू झिजवलेली सहा वर्षं, आणि दाखवायला कागद नाही. संस्थेला निदान आतापासून तरी पगार खात्यावर जमा करायला सांगा. कॅनडा राहू द्या, इथंही तो पुरावा उपयोगी पडतो.

आयटीआयवाल्यांनी थोडं जपून. वेल्डर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा ट्रेड्ससाठी फेरी निघते, पण सप्टेंबर २०२५ च्या फेरीची कट-ऑफ ५०५ होती. ट्रेड्सच्या वेगळ्या कार्यक्रमात इंग्रजी कमी चालतं खरं, मात्र त्याला तिथली एक वर्षाची नोकरीची ऑफर किंवा तिथल्या प्रांताचं प्रमाणपत्र लागतं. घरबसल्या ते होत नाही.

फ्रेंचचं गणित

सगळ्यात कमी बोललं जाणारं दार हेच. फ्रेंच चारही भागांत पातळी ७ ला गेली (साधारण बी-२) तर वर सांगितलेल्या इंजिनिअरला दुसऱ्या भाषेचे १२ आणि बोनस ५०, असे ६२ गुण वाढून ४२९ चे ४९१ होतात. २०२५ मध्ये फ्रेंचच्या फेऱ्यांची कट-ऑफ मार्चमध्ये ३७९ पर्यंत उतरली होती आणि त्या एका फेरीत ७,५०० जणांना बोलावलं. ऑगस्टमध्ये ती ४८१ वर चढली, तरीही ४९१ च्या खालीच. नर्सबाईंनीही एमएस्सीऐवजी दोन वर्षं फ्रेंच केली तर वयाचे १० वजा जाऊनही ४७७.

सोपं नाही. शून्यातून बी-२ ला दीड-दोन वर्षं मान मोडून अभ्यास लागतो. पुण्या-मुंबईत आलियाँस फ्राँसेझ आहे, ऑनलाइन वर्गही आहेत. अकरावी-बारावीला मार्क पडतात म्हणून फ्रेंच घेतलेली बरीच मुलं आपल्याकडे आहेत, त्यांनी वह्या रद्दीत घातल्या नसतील तर काढाव्यात.

‘जॉब लेटर’ आणि जमिनीचा पैसा

काही जण म्हणतील, आम्हाला एजंट नोकरीचं पत्र काढून देतो, त्याचे ५० गुण मिळतात. मिळत होते. २५ मार्च २०२५ पासून सीआरएसमधले नोकरीच्या ऑफरचे ५० आणि २०० गुण कॅनडाने काढूनच टाकले, आणि कारणही उघड सांगितलं की ही पत्रं विकली जात होती. १०० च्या हिशेबात ऑफरचे १० गुण अजून आहेत, त्यामुळे एजंट ‘गुण मिळतात’ म्हणतो तेव्हा तो तांत्रिकदृष्ट्या खरं बोलतो. पण कट-ऑफ १२०० च्या हिशेबात लागते, तिथं त्या पत्राचे शून्य गुण. अशा पत्रासाठी कुणी लाखात पैसे मागत असेल तर तुम्ही २०२४ सालचा माल विकत घेताय. खोटा अनुभवाचा दाखला जोडला आणि पकडला गेला तर पाच वर्षं कॅनडाचं दार बंद.

ज्यांच्याकडे तिथली नोकरी नाही त्यांना स्वतःचा पैसा दाखवावा लागतो. जुलै २०२५ पासून एकट्या माणसाला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, चौघांच्या कुटुंबाला २८,३६२. एकट्याचेच नऊ-साडेनऊ लाख रुपये होतात. आणि शेतकरी कुटुंबाने नीट ऐकावं अशी गोष्ट म्हणजे जमिनीची, घराची किंमत यात धरत नाहीत. चार एकर द्राक्षबाग असली तरी तिचं मूल्यांकन चालत नाही, खात्यावर मोकळा पैसा हवा. उसने आणलेलेही चालत नाहीत. बँकेच्या पत्रात गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक आणि तुमची कर्जं दोन्ही येतात, त्यामुळे पाहुण्याकडून आठवड्यापुरते आणून टाकलेले पैसे लगेच उठून दिसतात. अर्जाची सरकारी फी वेगळी, २०२५ मध्ये ती एका माणसाची १,५२५ डॉलर होती.

एजंट नकोच असं मी म्हणत नाही. कागद खूप असतात. डिग्रीचं मूल्यमापन, विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट, मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर नाव आधी, लग्नानंतर बदललेलं नाव, यात माणूस गुंततो. पण पैसे घेऊन कॅनडाच्या अर्जाचा सल्ला द्यायला तिथला परवाना लागतो. त्या परवानाधारकांची यादी ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’ या संस्थेच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट पाहता येते. समोरच्याला परवाना क्रमांक विचारा. ‘आमच्या दिल्ली ऑफिसला आहे’ असं उत्तर आलं तर दिल्लीतल्या त्या माणसाचं नाव विचारा आणि तिथंच बसून मोबाइलवर यादीत बघा.

सीआरएस मोजायचं साधनही कॅनडा सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवर मोफत आहे. त्यासाठी दहा मिनिटं आणि खरी उत्तरं लागतात. आयईएलटीएस दिलेली नसेल तर मनातले बँड टाकू नका. एकदा चारही भागांत ६ टाकून बघा, एकदा ७. आलेले दोन्ही आकडे कागदावर लिहा आणि ऑफिसात गेल्यावर पहिला प्रश्न एवढाच विचारा, ‘माझ्या पेशाची शेवटची फेरी कधी निघाली आणि कट-ऑफ किती होती?’ उत्तरात ६७ आलं तर चहा संपवून उठायला हरकत नाही.